संकेतस्थळावरील हालचाल आणि मुक्तस्रोत लायब्ररी

परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीची सूचना, जमिनीचा उतारा किंवा निविदेची जाहिरात पाहण्यासाठी आज नागरिक कचेरीच्या फलकापाशी येण्यापूर्वी संकेतस्थळ उघडतो. त्या पानावर काही अक्षरे सरकत येतात, काही चित्रे आपोआप पालटतात, बटणावर बोट ठेवताच यादी खाली उलगडते. ही हालचाल पुष्कळांना केवळ शोभेची वाटते. वस्तुतः ती योग्य ठिकाणी असेल तर वाचकाला मार्ग दाखविते आणि अयोग्य ठिकाणी असेल तर त्याची वाट अडविते. अर्ज करण्याची अंतिम तारीख सरकत्या पट्टीतून वाचण्याआधीच निघून गेली, तर ज्याच्यासाठी ती सूचना प्रसिद्ध झाली त्याच्यापर्यंत ती पोहोचली असे म्हणता येणार नाही. म्हणून ही हालचाल कशी घडते, तिची साधने कोणी निर्माण केली, ती कोणाच्या मालकीची आहेत आणि सार्वजनिक कामात ती वापरताना कोणते पथ्य पाळावे, याची ओळख अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ या सर्वांनाच असणे इष्ट आहे.

चित्रामागून चित्र

हलणारे चित्र हा मुळात दृष्टीचा भास होय. स्थिर चित्रे ठरावीक वेगाने एकामागून एक डोळ्यांपुढे आली की मन त्यांची सांगड घालून त्यांत गती पाहते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली आणि ती सलग दाखवून रोप पाहता पाहता वाढत असल्याचा चित्रपट तयार केला. पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्यांना गती देणारा लघुपटही काढला. संगणकाच्या पडद्याचे तत्त्व याहून निराळे नाही. सर्वसामान्य पडदा दर सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा अवधी मिळतो. तेवढ्या वेळात पुढचे चित्र तयार झाले तर हालचाल सहज वाटते. न झाल्यास ती अडखळते.

जुनी साधने आणि त्यांचा शेवट

आंतरजालाच्या आरंभीच्या काळात हालचालीसाठी जिफ या चित्रप्रकाराचा आधार होता. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने तो १९८७ मध्ये आणला. त्याच्या १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दाखवावे हे नोंदविण्याची सोय झाली. त्यानंतर १९९६ च्या सुमारास फ्लॅश हे साधन पुढे आले. त्यात रेखाचित्रे, आवाज, खेळ आणि शालेय पाठ तयार करता येत असत. पुढील दहा-बारा वर्षे जगभरातील असंख्य संकेतस्थळे आणि शिक्षणसामग्री फ्लॅशवर उभी राहिली.

परंतु फ्लॅश ही खाजगी कंपनीची मालमत्ता होती. प्रथम मॅक्रोमीडिया व २००५ पासून अडोबी ही कंपनी तिची स्वामी होती. २००७ साली आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालले नाही. सुरक्षेतील उणिवाही वारंवार उघड होत गेल्या. अखेर अडोबीने २०१७ मध्ये पूर्वसूचना देऊन ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील सामग्री चालणे बंद केले. ज्या संस्थांनी आपले पाठ केवळ फ्लॅशमध्ये ठेवले होते, त्यांच्या हाती न उघडणाऱ्या फाइली उरल्या. पुढे रफल नावाच्या मुक्तस्रोत प्रकल्पाने त्यांपैकी पुष्कळ सामग्री पुन्हा पाहता येईल अशी व्यवस्था केली आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०२० मध्ये तिचा स्वीकार केला. जे एका मालकाच्या निर्णयाने बंद झाले, त्यातील काही भाग अनेकांच्या खुल्या श्रमाने वाचला, हा बोध सार्वजनिक कामाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

लायब्ररी म्हणजे काय?

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केली. तिच्या साहाय्याने पानावरील कोणतीही वस्तू हलविता येते. पण प्रत्येक वेळी वेग, दिशा, वेळ आणि निरनिराळ्या ब्राउझरांतील भेद यांचा हिशेब नव्याने मांडणे हे जिकिरीचे काम आहे. म्हणून अनुभवी मंडळींनी हा हिशेब एकदाच नीट करून तयार आज्ञावलींचा संग्रह सर्वांसाठी ठेवला. अशा संग्रहालाच संगणकक्षेत्रात लायब्ररी म्हणतात.

खेड्यापाड्यांतील वाचकांना याची कल्पना चटकन येईल. अनेक गावांत लग्नकार्यासाठी लागणारी मोठी पातेली, परातीव हंडे देवळात सामाईक ठेवलेले असतात. कार्य ज्याच्या घरी असेल त्याने ते न्यावेत, काम भागवावे. भांड्यावर दात्याचे नाव कोरलेले असते आणि ते कोणी खरवडून काढीत नाही. मुक्तस्रोत लायब्ररीचा व्यवहार असाच आहे. भेद इतकाच की, एकाने भांडे नेले तर दुसऱ्याला थांबावे लागते. आज्ञावली मात्र लक्षावधी लोकांनी एकाच वेळी नेली तरी मूळ ठिकाणी ती जशीच्या तशी राहते.

या क्षेत्रातील काही ठळक नावे अशी. थॉमस फुक्स यांनी २००५ मध्ये स्क्रिप्टॅक्युलस हा हालचालींचा संग्रह प्रसिद्ध केला. जॉन रेसिग यांनी २००६ साली जेक्वेरी आणली. वस्तू हळूहळू उमटविणे, विरविणे, यादी उलगडणे ही कामे तिच्यामुळे एका ओळीत होऊ लागली आणि ती जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लायब्ररींपैकी एक ठरली. रिकार्डो काबेल्यो यांची थ्री-जेएस २०१० मध्ये आली. तिने पडद्यावर त्रिमितीय आकृत्या फिरविणे सुलभ केले. माइक बोस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांची डी-थ्री ही २०११ मधील लायब्ररी आकडेवारीचे हलते आलेख काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्युलियन गार्निए यांची ॲनिमे-जेएस २०१६ पासून उपलब्ध आहे. एअरबीएनबी या कंपनीने २०१७ मध्ये लॉटी खुली केली. चित्रकाराने तयार केलेली हालचाल चित्रांच्या थप्पीऐवजी आकड्यांच्या लहानशा फाइलीत साठविण्याची तिची रीत आहे. तिला कागदी सावल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ साली पूर्ण करणाऱ्या जर्मन कलावती लोटे रायनिगर यांचे नाव देण्यात आले, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हालचालीचे गणित

लायब्ररीच्या पोटात चालणारा हिशेब शाळेतील गणिताच्या पलीकडचा नाही. समजा, एक चौकोन एका सेकंदात ३०० पिक्सेल उजवीकडे न्यावयाचा आहे. वेग सारखा ठेवल्यास ६० चित्रांपैकी प्रत्येक चित्रात तो ५ पिक्सेल सरकेल. पण अशी हालचाल निर्जीव वाटते. सृष्टीतील वस्तू एकाएकी सुटत नाही व एकाएकी थांबतही नाही. म्हणून आरंभी वेगवान व शेवटी मंद होणारी गती वापरतात. त्याचे एक साधे सूत्र असे : गेलेला वेळ एकूण वेळेच्या ज्या अंशाइतका असेल तो अंश १ मधून वजा करावा, उरलेल्याचा वर्ग करावा आणि तो वर्ग पुन्हा १ मधून वजा करावा. येणारी संख्या म्हणजे एकूण अंतराचा पार झालेला अंश.

या सूत्राने पाव सेकंदात सुमारे १३१ पिक्सेल, अर्ध्या सेकंदात २२५ पिक्सेल, पाऊण सेकंदात सुमारे २८१ पिक्सेल आणि पूर्ण सेकंदात ३०० पिक्सेल अंतर कापले जाते. अर्ध्या वेळेतच तीन-चतुर्थांश अंतर पार होते आणि शेवटी चौकोन अलगद विसावतो. शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घेतल्यास वर्गसमीकरणाचा एक रोचक उपयोग त्यांच्या ध्यानी येईल.

येथे आणखी एक मर्म आहे. चांगली लायब्ररी चित्रे मोजीत नाही, ती घड्याळ पाहते. स्वस्त मोबाइलवर ६० ऐवजी २० चित्रेच निघाली, तरी अर्ध्या सेकंदाला चौकोन २२५ व्या पिक्सेलवरच असतो. हालचाल थोडी अडखळते, पण वेळेवर संपते. पूर्वी जेक्वेरी दर १३ मिलिसेकंदांनी स्वतःच्या अंदाजाने वस्तू हलवीत असे. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून, पडदा रंगविण्याच्या क्षणी ब्राउझरनेच हाक द्यावी अशी व्यवस्था तिने स्वीकारली. तद्वतच, वस्तूची पानावरील मांडणी बदलून तिला सरकविले तर ब्राउझरला आसपासच्या मजकुराचाही हिशेब पुन्हा करावा लागतो. केवळ तिचे स्थानांतर किंवा पारदर्शकता बदलली तर तो भार बहुधा टळतो. जुन्या मोबाइलवर पान जड होणे वा हलके राहणे पुष्कळदा यावर अवलंबून असते.

परवाना : मोफत आणि मुक्त यांतील भेद

मुक्तस्रोत हा शब्दप्रयोग १९९८ पासून रूढ झाला. मूळ आज्ञावली सर्वांना वाचता येणे, वापरता येणे, बदलता येणे आणि बदललेली प्रत इतरांना देता येणे, हे त्याचे सार होय. जेक्वेरी, थ्री-जेएस, ॲनिमे-जेएस यांना एमआयटी परवाना लागू आहे. हा परवाना अगदी आटोपशीर आहे. आज्ञावली विनामूल्य वापरा, बदला, विका, इतकेच नव्हे तर आपल्या कामात मिसळा, असे तो सांगतो. अट एकच : मूळ कर्त्याच्या हक्काची नोंद व परवान्याचा मजकूर प्रतीबरोबर राहिला पाहिजे. भांड्यावरील नाव खरवडू नये, हाच तो नियम. त्याबरोबरच, आज्ञावलीबाबत कोणतीही हमी दिलेली नाही, हेही परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून वापरणाऱ्याने ती स्वतः पारखून घेतली पाहिजे.

जे मोफत मिळते ते मुक्त असतेच असे नाही. ग्रीनसॉक ही नामांकित हालचाल-लायब्ररी याचे उदाहरण आहे. वेबफ्लो या कंपनीने ती २०२४ मध्ये घेतली आणि २०२५ मध्ये तिची सर्व अंगे विनामूल्य केली. तिचा परवाना मात्र कंपनीचा स्वतःचा आहे व त्यात काही प्रकारच्या वापरास मनाई आहे. साधन म्हणून ती उत्तम असली, तरी तिला मुक्तस्रोत म्हणता येत नाही. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. त्या दृष्टीने खरेदी अथवा कंत्राट करताना 'पैसे लागतात काय?' या प्रश्नाबरोबरच 'परवाना कोणता?' हा प्रश्नही नस्तीवर नोंदविला गेला पाहिजे.

देवनागरीचा प्रश्न

यांपैकी बहुतेक साधने रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडली. त्यामुळे मराठी मजकुराला ती लावताना एक विशेष अडचण येते. शीर्षकातील एक एक अक्षर उडत येऊन जागेवर बसावे, अशी हालचाल अनेक ठिकाणी दिसते. त्यासाठी शब्दाचे तुकडे केले जातात. 'विद्यार्थी' हा शब्द वाचकाच्या दृष्टीने वि, द्या, र्थी असा ३ अक्षरांचा आहे. संगणकाच्या साठवणीत मात्र व्यंजने, मात्रा आणि हलन्त चिन्हे वेगवेगळी नोंदलेली असल्यामुळे त्याचे १० घटक होतात. लायब्ररीने ते १० घटक सुटे केले की वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे आणि जोडाक्षर मोडलेले, असा शब्दाचा विपर्यास होतो.

२०२३ मधील युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम समाविष्ट झाला आहे आणि अलीकडील ब्राउझरांत अक्षरांची योग्य विभागणी करणारी सोय अंगभूत आहे. तथापि जुन्या मोबाइलवर तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय अंध व्यक्तींसाठी पान वाचून दाखविणारी आज्ञावली असे तुकडे केलेले शब्द पुष्कळदा तुटक उच्चारते. यास्तव मराठी व कोंकणी मजकुराला गती द्यावयाचीच असेल, तर ती संपूर्ण शब्दाला किंवा संपूर्ण ओळीला द्यावी, हा मार्ग निर्धोक होय.

हालचाल कोणाला बाधते?

हालचाल सर्वांनाच सुखावह असते असे नाही. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका बालचित्रमालिकेत तांबड्या व निळ्या प्रकाशाची जलद उघडझाप झाली आणि ६८५ प्रेक्षकांना, त्यांत बहुसंख्य मुले, रुग्णालयात न्यावे लागले. अपस्माराची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींना अशा उघडझापेने झटका येऊ शकतो. कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार असलेल्यांना मोठी सरकती दृश्ये पाहून भोवळ व मळमळ होते. वृद्ध, अल्पदृष्टी आणि नवसाक्षर वाचकांना सरकता मजकूर वाचताच येत नाही.

म्हणून आंतरजालाच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांत काही बंधने घातली आहेत. कोणतीही वस्तू एका सेकंदात ३ पेक्षा अधिक वेळा चमकू नये. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुरासोबत चालणारी हालचाल थांबविण्याची सोय वाचकाच्या हाती असावी. केंद्र शासनाच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक सूचना २००९ साली प्रथम निघाल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि त्यांतही सुगम्यतेवर भर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व दळणवळणाची साधने सर्वांना वापरता येतील अशी ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच ठरले आहे. सरकत्या पट्टीसाठी पूर्वी वापरली जाणारी मार्की ही खूण तर आजच्या प्रमाणभाषेत कालबाह्य म्हणून नोंदलेली आहे.

दिलाशाची बाब अशी की, आज बहुतेक मोबाइल व संगणकांत 'हालचाल कमी करा' अशा अर्थाची निवड असते. वाचकाने ती केली आहे काय, हे संकेतस्थळाला २०१७ पासून उत्तरोत्तर बहुतेक ब्राउझरांमार्फत विचारता येऊ लागले आहे. तशी निवड असेल तर वस्तू न सरकविता जागच्या जागी दाखवावी. त्यासाठी दोन-चार ओळींचीच भर पुरते. खर्च नाममात्र, पण ज्याला भोवळ येते त्याच्यासाठी पान उघडे राहणे वा बंद होणे त्यावर ठरते.

सुरक्षिततेचे पथ्य

लायब्ररी आपल्या संगणकावर न ठेवता परक्या ठिकाणाहून दर वेळी मागविण्याची रीत सोयीची आहे, पण ती निर्धोक नाही. पॉलिफिल या नावाने एक उपयुक्त आज्ञावली पुरविणारे ठिकाण २०२४ साली दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले आणि त्यातून घातक आज्ञा पसरू लागल्या. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे त्या कचाट्यात सापडली. त्या संकेतस्थळांच्या चालकांनी स्वतः काहीच बदलले नव्हते, फक्त परक्या विहिरीवर निर्धास्तपणे भरवसा ठेवला होता. परवाना खुला असल्याने लायब्ररीची प्रत आपल्याच संगणकावर ठेवण्यास कोणतीही आडकाठी नसते. त्या मुभेचा लाभ घेणे हेच शहाणपणाचे.

कार्यालये व शाळा यांच्यासाठी

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. तारीख, रक्कम, पात्रता व संपर्क हा मजकूर कधीही सरकता ठेवू नये. तो स्थिर व ठळक असावा.

२. हालचाल अर्थासाठी असावी. कोणती यादी कोठून उघडली, अर्ज स्वीकारला गेला की नाही, हे दाखविण्यास ती उपयोगी पडते. त्यासाठी पाव ते अर्ध्या सेकंदाचा अवधी बहुधा पुरेसा होतो.

३. साध्या हालचालीस लायब्ररीची गरजच नसते. २००७ पासून सफारीच्या वेबकिट या इंजिनात सुरू झालेली शैलीपत्रकांतील हालचालीची सोय आज सर्व ब्राउझरांत अंगभूत आहे. लायब्ररी घ्यावयाची ती जटिल कामासाठीच.

४. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचे नाव, आवृत्ती व परवाना यांची नोंदवही असावी. कंत्राटदार बदलला तरी ती कार्यालयातच राहिली पाहिजे.

५. पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते स्वस्त मोबाइलवर, मंद जोडणीवर आणि एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीकडून वाचवून पाहावे.

शाळांना तर या लायब्ररी म्हणजे उघडे पाठ्यपुस्तकच आहे. त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचू शकतो, एक आकडा बदलून परिणाम पाहू शकतो आणि दोष आढळल्यास कर्त्यांना कळवू शकतो. जोडाक्षर कोठे मोडते, मराठी शब्द कोठे तुटतो, हे परदेशातील कर्त्याला कळणे कठीण आहे. ते मराठी विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपात कळते. अशा उणिवा नेमक्या शब्दांत कळविणे व मार्गदर्शिकांचे मराठीकरण करणे, हेही या सामाईक संग्रहातील मोलाचे दान ठरेल.

सार्वजनिक संकेतस्थळ हे गावच्या चावडीसारखे आहे. तेथील फलक नटलेला असण्यास हरकत नाही, परंतु तो प्रथम वाचता आला पाहिजे. जगातील जाणत्यांनी खुल्या मनाने दिलेली ही साधने विवेकाने वापरली, कर्त्यांची नावे राखली आणि शेवटच्या वाचकाची सोय प्रथम पाहिली, तर पडद्यावरील हालचाल खऱ्या अर्थाने लोकोपयोगी ठरेल.